दाढीवाल्यांचं वाक्य

वसतिगृह,
१४ जून

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं उताऱ्यांचं पुस्तक काल पोचलं. पोस्टमनने ते खिडकीतून आत टाकलं आणि ते नेमकं माझ्या भिजत घातलेल्या कपड्यांच्या बादलीत पडलं. साहित्यात बुडून जा, असं तुम्ही लिहिलं होतंत. पुस्तकाने माझ्याआधीच बुडून दाखवलं. पानं पंख्याखाली वाळवली आहेत, थोडी फुगलीत, पण वाचता येतात.

वन्सं, मी गणिताची बाई. दोन आणि दोन चार, यात कुणाच्या मते असं विचारायची सोय नाही. तुमच्या विषयात प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी मते असते आणि त्या कुणाचं तरी नाव लिहायचं असतं. खात्याच्या परीक्षेतल्या या भाषेच्या पेपरात मी दोनदा आपटले. तिसरी खेप शेवटची, पुढे वय बसत नाही. पास झाले तर नोकरी कायम होईल आणि कायम झालेल्यांना गाव मागून घेता येतं. आपल्या गावच्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे, असं कळलंय. नापास झाले तर निवृत्त होईपर्यंत हीच खोली, हीच बादली, आणि संध्याकाळी मुलींच्या अभ्यासावर राखण. खरं सांगते, आता फार दमायला होतं. फळ्यासमोर उभी असते तेव्हा काही वाटत नाही, खोलीवर येऊन चपला काढल्या की पाय माझे नाहीतसे होतात.

लेखकांची नावं डोक्यात राहत नाहीत म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या चित्रांवरून मी त्यांना ओळखते. एक दाढीवाले आहेत, एक टोपीवाले, एक गालाला हात लावून बसलेल्या बाई. अलंकारांचंही तसंच. अपन्हुती म्हणजे जे आहे ते नाही म्हणायचं आणि भलतंच आहे म्हणायचं, इतकं कळलं. हे तर आमचे मुख्याध्यापक रोज करतात. हा जादा तास नव्हे, ही सेवा आहे, असं म्हणतात. पण मग रूपक कुठे संपतं आणि अपन्हुती कुठे सुरू होते, ते मात्र कळत नाही. जरा सोपं करून लिहा.

तुमच्या दादांचा रविवारी फोन येतो. बरी आहेस ना, बरं, ठेवतो, एवढंच. पंपघरात एवढाली यंत्रं दिवसभर गडगडत असतात, त्यामुळे बोलायची सवयच गेली असावी. पण एक सांगते, हा माणूस जन्मात दोनदाच असं काही बोललाय, की तुमच्या सगळ्या लेखकांनी बाजूला व्हावं. ते पुन्हा केव्हातरी.

कंबर कशी आहे? लोभ आहेच, तो शिकवणीच्या फीमध्ये वळता करून घ्यावा.

आपली,
वहिनी


२८ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पुस्तक बादलीत पडल्याचं वाचून हसले, आणि हसल्यामुळे कंबर धरून बसले. सध्या माझं असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात बसू नका, कॉलेज म्हणतं उभ्या राहा, आणि तपासायच्या पेपरांचा ढीग म्हणतो, आडवी होशील तर बघ. ही चेतनगुणोक्ती बरं का. निर्जीव वस्तू माणसासारखी वागाबोलायला लागली की ती समजायची. व्याख्या पाठ करू नकोस, माझं टेबल डोळ्यांसमोर आण.

अलंकारांना इतकं घाबरतेस कशाला? रोज वापरतेस, नावं तेवढी माहीत नाहीत. लेक सासरी जायच्या आधी तिच्या पसाऱ्याला तू उकिरडा म्हणायचीस, ते रूपक. ही खोली नव्हे, उकिरडा आहे, असं म्हणालीस की झाली अपन्हुती. त्या 'नव्हे'वर बोट ठेव, चुकणार नाहीस. दादाला उशीर झाला की, या, फार लवकर आलात, म्हणून स्वागत करतेस, ती व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून चपराक. आमची आई माझ्यापुढे हात टेकायची आणि म्हणायची, तुझ्यासारखी तूच. तो अनन्वय. साऱ्या जगात मला दुसरी उपमाच सापडली नाही तिला. आणि तुझ्या लग्नात तुझी मावशी दादाला शांत मुलगा म्हणाली होती, आठवतं? ती पर्यायोक्ती. सरळ मुका म्हणायचं टाळलं बिचारीने.

आता 'हे वाक्य कोणाचे ते ओळखा' हा प्रश्न. यात एकेका गुणाची वाक्यं असतात आणि तू गेल्या दोन्ही खेपांना इथेच वाहून गेलीस. नावं नंतर, आधी एकेकाच्या खोडी लक्षात घे. तुझे टोपीवाले वाक्य सुरू करतात, मध्येच कंसात फिरायला जातात आणि परत येईपर्यंत कर्ता म्हातारा झालेला असतो. गालावर हात ठेवलेल्या बाई नाटकं लिहायच्या, त्यांची पात्रं नेहमी 'पण' म्हणून खरं बोलतात. दाढीवाले अर्धविरामाचे. अर्धविरामापर्यंत अगदी साधं बोलतात आणि त्याच्यापुढे पायाखालची पायरी काढून घेतात. अर्धविराम दिसला की दाढी आठव. डोळ्यांनी वाचू नकोस, मोठ्याने वाच. माणूस आवाजावरून ओळखू येतो तसा लेखक दम कुठे घेतो त्यावरून ओळखू येतो.

दादा काय बोलला होता ते मात्र लिहून पाठव. दादा आणि बोलणं म्हणजे मला वर्गात सांगायला अतिशयोक्तीचं ताजं उदाहरण मिळेल. मी त्याच्याबरोबर एका घरात वाढले, आणि त्याने मला सांगितलेलं सगळ्यात लांब वाक्य, दिवा मालव, हे आहे.

पायांना गरम पाण्याचा शेक घे. राग नसावा, अभ्यास असावा.

तुझी,
बेबी


२१ जुलै

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

उत्तर लांबलं. आजारी नव्हते. तुम्ही विचारलं होतंत तुमचे दादा काय बोलले होते, ते सांगते, कारण आता मलाच तुम्हाला काही विचारायचंय.

माझे वडील गेले तेव्हा तुमची परीक्षा चालू होती, तुम्ही आला नव्हतात. मी भिंतीला टेकून बसले होते. कुणी म्हणत होतं रड, मोकळी हो. कुणी म्हणत होतं रडू नकोस, आईकडे बघ. हे येऊन शेजारी बसले. मग म्हणाले की गेलेलं माणूस जात नाही. एवढं म्हणून थांबले. मग म्हणाले की उत्तर द्यायचं तेवढं थांबतं. आणि उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेले.

त्या वाक्यावर मी जगले असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती, हे मला आता कळतं. पण वडिलांशी मनातल्या मनात बोलायची सवय मला त्यानेच लागली, ती अजून आहे. आईला मी ते सांगितलं. इथे एका मुलीची आई वारली, तिला जवळ घेऊन सांगितलं. दर वेळी, आमचे हे म्हणतात, असं म्हणून सांगितलं, आणि सांगताना मला थोडी मिजासही वाटायची. बाकीच्या बायकांचे नवरे बडबडे असतील, माझा बोलतो तेव्हा असं बोलतो.

गेल्या आठवड्यात मुली अभ्यासाला बसल्या होत्या आणि मी तुमच्या सांगण्याप्रमाणे दाढीवाल्यांचा उतारा पुटपुटत वाचत होते. अर्धविराम शोधत होते. सापडला. 'गेलेलं माणूस जात नाही; उत्तर द्यायचं तेवढं थांबतं.' शब्दाला शब्द. ह्यांनी नेमका तिथेच दम घेतला होता. मला इतकी वर्षं वाटत आलं की हुंदका आवरला. वन्सं, अर्धविराम होता तो.

मग सगळं पुस्तक चाळलं, पोलिसाने घराची झडती घ्यावी तसं. लग्न ठरण्याआधी आम्ही दोघं एकदाच समोरासमोर बसलो होतो. मी काही विचारायच्या आत हे म्हणाले होते की मला फार बोलता येत नाही, पण मी ऐकेन. दोन स्थळं माझ्यासमोर होती, दुसरा मुलगा शिकलेला होता. मी ह्यांना हो म्हटलं ते या वाक्यासाठी. तेही आहे पुस्तकात. बाईंच्या नाटकात, नायकाच्या तोंडी, तुमच्या 'पण'सकट. आणि खालच्या टिपेत लिहिलंय की नायक इथे धडधडीत खोटं बोलत आहे.

तुम्ही ओळखण्यातल्या आहात. तुम्हीच सांगा, ह्यांचं स्वतःचं असं एखादं तरी वाक्य आहे का? का मी एका पुस्तकाशी संसार केला?

आपली,
वहिनी


२ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग चष्मा काढून नुसतीच बसून राहिले. त्या दिवशीचे पेपर तसेच पडले.

तू घरात आलीस तोवर आम्ही मोठ्या जागेत गेलो होतो. त्याआधीची ती एक खोली तू पाहिलेली नाहीस. खिडकीपाशी मी, दाराशी दादा, मध्ये दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी. बाबांनी अंथरूण धरल्यावर दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. त्याने कुणाला न विचारता शाळा सोडली आणि जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळायला घरी आणू लागला. मला मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नसे. फेऱ्या मारत एकेक वाक्य घोकायची, अर्धविरामाला थांबून, पुन्हा पहिल्यापासून. दादा मान वर करत नसे. तारेचे वेढे मोजत असायचा, एक चुकला तर सगळं उलगडावं लागायचं. माझ्या कलकलाटात याला मोजता कसं येतं, याचं मला नवल वाटायचं. तो दोन्ही करत होता, हे मला तुझ्या पत्रातून कळतंय. वहिनी, मी त्याच्या वाट्याचं शिकले, असं मला आयुष्यभर टोचत आलंय. त्याने कोपऱ्यात बसून थोडं तरी घेतलं, हे वाचून मला खरं म्हणजे बरं वाटलं. तुझ्या दुःखात मला बरं वाटावं, याची लाजही वाटली.

आता मास्तरीण म्हणून बोलते. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहिणाऱ्या पोरांच्या पेपरावर मी लाल शाईने रेघ मारते. पण दादा तुला कधी म्हणाला होता का, की हे माझं आहे? तू मला पत्रात म्हणी लिहितेस, तेव्हा कुणाची म्हण ते मी विचारत नाही. त्याने ऐकलेलं सगळं म्हणीसारखं एका डब्यात ठेवलं असेल. तरीही तुझा जीव का दुखला ते कळतं मला. बाईमाणसाने हो म्हणावं एका माणसाला, आणि बोलणारा भलताच निघावा.

मी त्याला फोन करून चांगला झाडला. तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं. मग आता काय करायचं, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, तिला पत्र लिही, आणि स्वतःचं लिही. बघतो म्हणाला. दादाचं बघतो म्हणजे काय ते तुला माहीतच आहे.

परीक्षा तुझी आहे, त्याची नाही. पुस्तक मिटू नकोस. लोभ आहे का नाही ते विचारत नाही, असलाच पाहिजे.

तुझी,
बेबी


११ ऑगस्ट

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

पुस्तक फडताळात ठेवलंय, कपड्यांच्या खाली.

मी रागावलेली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. वजाबाकी करून पाहिली, तेवढी येते मला. ह्यांच्या बोलण्यातून दाढीवाले वजा केले, बाई वजा केल्या. उरलं ते, बरी आहेस ना, बरं, ठेवतो.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलंय. बसावं असं वाटत नाही. पास होऊन, गाव मागून, सामान बांधून जायचं ते कुणाशी बोलायला? इथे खोलीत कुणी नाही, म्हणून शांत असतं. ते समजून घेता येतं. घरी माणूस असून शांत असतं, आणि त्या शांततेत मी इतकी वर्षं काय काय भरून ठेवलं होतं ते आता दिसतंय. तुमचं शिकवणं वाया गेलं असं समजू नका, अलंकार सगळे कळले. ओळखायलाही शिकले, जरा जास्तच.

कंबर जपा. दमले आहे, म्हणून थोडक्यात आटोपते.

आपली,
वहिनी


पंपघर,
२४ ऑगस्ट

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यात दोन कागद गेले. मी तुला अगं म्हणतो, ते कागदावर बरं दिसत नाही. बेबीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही तिचंच झालं असतं. म्हणून जागा मोकळी सोडली आहे.

इकडे ठीक. दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं, बदललं. त्या भागाला एक दिवस पाणी कमी गेलं, लोक ओरडले.

बेबीने सांगितलं. ती पुस्तकातलं वाचते हे मला माहीत होतं. नाही असं नाही. पण ती फेऱ्या मारत वाचायची, मधेच आईशी भांडायची, मधेच पुन्हा वाचायची. त्यातलं छापलेलं कुठलं आणि तिचं कुठलं, हे मी कधी वेगळं केलं नाही. कानात गेलं ते राहिलं. आपण बोललो तर नाव सांगावं लागतं हे माहीत नव्हतं. तू लोकांना माझं म्हणून सांगायचीस हेही माहीत नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं.

तुला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं. आत जे तयार होतं ते बाहेर आलं. नाटकातला तो माणूस खोटं बोलतो असं बेबी म्हणाली. तिची परीक्षा तेवढ्याच पानावर होती, पुढे काय होतं ते मी ऐकलंच नाही. मी खोटं बोललो नव्हतो. ऐकेन म्हणालो होतो, ऐकत आलो आहे. तू बोलतेस तेव्हा मी काही म्हणत नाही म्हणून तुला वाटत असेल की लक्ष नाही. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नाही. नववीच्या वर्गात ऊन फळ्यावर येतं आणि मागच्या मुलींना दिसत नाही. शेजारच्या बाई खडू उसना नेतात आणि परत देत नाहीत. मुख्याध्यापक तुझं नाव दर वेळी चुकीचं लिहितात. जिन्याची तिसरी पायरी उंच आहे, तिथे तुझा गुडघा दुखतो. कडी करून ठेवली आहे.

तुझे वडील गेले तेव्हा सगळे काहीतरी सांगत होते, माझ्याजवळ काही नव्हतं. नट बघून पाना काढतो तसं आठवून बघितलं. एक बसेलसं वाटलं. त्या दिवशी तू थोडं खाल्लंस, म्हणून मला वाटलं बसलं. पाना कुणी केलाय ते मी बघितलं नाही. मधे का थांबलो असं तू बेबीला लिहिलंस. ती तिथे थांबायची म्हणून थांबलो असेन. घसा दाटला असेल. आता आठवत नाही, खोटं कशाला सांगू.

स्वतःचं लिही असं ती म्हणते. स्वतःचं काय लिहायचं ते कळत नाही. दूध मी अजून दोघांचं घेतो. तुझ्या वाटचं नासतं. उद्यापासून कमी दे असं सांगायला दारात जातो, आणि भांडं पुढे करून आत येतो. तू गेलीस तेव्हापासून असंच चाललंय. शेजारच्यांनी विचारलं तर मांजराला घालतो म्हणून सांगतो. मांजर नाही.

परीक्षेला बस किंवा बसू नकोस. पाय सुजले असतील तर नको बसू. गावच्या शाळेत जाऊन विचारून आलो. जागा अजून रिकामी आहे. फळा सावलीत आहे.

शेवटी काय लिहायचं असतं तेही माहीत नाही. बरी राहा. ठेवतो.


१२ सप्टेंबर

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

काल परीक्षा दिली. तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण बसेन की नाही ते मलाच सकाळपर्यंत नक्की नव्हतं. ह्यांचं पत्र आलं त्या दिवशी पुस्तक कपड्यांखालून काढलं खरं, पण अभ्यास असा फार झाला नाही. एक पान वाचायचं आणि 'मांजर नाही' तिथे येऊन थांबायचं, असं चाललं होतं.

तुमच्या दादांनी काय लिहिलं ते सगळं सांगत नाही. त्यांनी मला लिहिलंय. एवढंच सांगते की वाचून मी खूप रडले, आणि मग चिडले. एवढं सगळं ऐकलं होतं तर मधूनमधून हुंकार द्यायला काय झालं होतं या माणसाला? रविवारी फोनवर तसं विचारलंही. म्हणाले की बघतो. मला हसू आलं आणि मी फोन ठेवला. या खेपेला मी आधी ठेवला.

पेपर लांबलचक होता. हॉलमध्ये सगळी तिशीतली पोरं आणि त्यांच्यात मी, पर्यवेक्षक मला आधी उठून नमस्कारच करायला निघाला होता. त्याला वाटलं मी तपासणीला आले. अपन्हुती आली, तुमचा 'नव्हे' उपयोगी पडला. अनन्वय आला, तिथे तुमच्या आईचं वाक्य घातलं. मग विचारलं होतं, स्वभावोक्तीची व्याख्या लिहून स्वतःचं उदाहरण द्या. हा एक अलंकार मला कधी पटलाच नव्हता. जे आहे ते आहे तसं सांगायचं, ना उपमा ना काही, मग त्यात दागिना कुठला? पण काल लिहिताना अडले नाही. एक माणूस रोज दोघांचं दूध घेतो, एकाचं नासतं, कमी दे म्हणून सांगायला जातो आणि भांडं पुढे करतो, असं लिहिलं. तपासणाऱ्याला ते अलंकार वाटेल का, कोण जाणे. एवढं बरोबर उदाहरण मी दुसरं देऊ शकले नसते.

शेवटचा प्रश्न वाक्यं ओळखण्याचा. टोपीवाले ओळखले, कंसावरून. बाई आल्या नाहीत, सुटले. आणि सगळ्यात खाली ते वाक्य होतं. गेलेलं माणूस जात नाही, अर्धविराम, उत्तर द्यायचं तेवढं थांबतं. खाली एक रिकामी ओळ, एका गुणाची.

वन्सं, पेन तिथे किती वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला. नाव येत नव्हतं असं नाही. पण भिंतीशी मी बसले होते, शेजारी येऊन बसले ते दाढीवाले नव्हते. आमचे हे, असं लिहून टाकावं असं इतकं मनात आलं, की पहिलं अक्षर उमटलंही. त्याच्याखाली सही करायलाही मी तयार होते. मग ते अक्षर खोडलं. दाढीवाल्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, काना-मात्रा तपासून. त्यांचं वाक्य त्यांना देऊन टाकलं. मागच्या खेपेला मी किती थोड्या गुणांनी गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. मला तो एक गुण हवाय, वन्सं. मला घरी जायचंय.

निकाल लागला की कळवते. लोभ असू द्यावा, उसना असला तरी चालेल.

आपली,
वहिनी